कडी कुठल्या बाजूला?

तुमच्या घरामागच्या शेडची कडी कुठल्या बाजूला आहे? आतून की बाहेरून?

हसू नका. शेडमध्ये गवत कापायचं मशीन असतं, त्याला आतून कडी कशाला, असं तुम्ही म्हणाल. एके काळी मीही म्हटलं असतं. आता कुणी घरी जेवायला बोलावलं की मी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन मागे बघते. लोकांना वाटतं, मला बागेची आवड आहे. मला बागेची अजिबात आवड नाही. मला डोनल टिअर्नी यांनी ही खोड लावली.

लंडनजवळच्या स्लाऊमध्ये आम्ही त्यांच्या दुकानाच्या वर भाड्याने राहायचो. हार्डवेअरचं जुनं दुकान. दारातून आत गेलं की पॅराफिन म्हणजे तिथलं रॉकेल, रंग आणि सुतळी यांचा एकत्र वास यायचा आणि तो आमच्या जिन्यातून वर थेट आईच्या फोडणीत मिसळायचा. टिअर्नी आयर्लंडच्या पश्चिमेचे, मेयोचे. पोरसवदा असताना बोटीने आले होते. उंच, पुढे वाकलेले, खिशात कायम एक स्क्रू-ड्रायव्हर, टोक वर करून, एखाद्या मास्तरने पेन लावावं तसा. खिळे-स्क्रू ते वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून द्यायचे. आईने पहिल्याच दिवशी ती पुडी बघितली आणि त्यांचं नाव "आपला वाणी" ठेवून टाकलं.

वाणी म्हणून मात्र ते वाईट होते. गिऱ्हाईक महागडी वस्तू काउंटरवर ठेवायचं आणि हे ती उचलून परत फळीवर ठेवायचे. "हे नको घेऊस, मिसेस. दिसायला छान आहे, फेब्रुवारीपर्यंत टिकणार नाही." रिंग रोडला हार्डवेअरचं मोठं दुकान उघडलं तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, "मिस्टर टिअर्नी, तुमचा धंदा बुडणार." त्यावर हे म्हणाले, "बुडायला आधी तरंगावं लागतं, ड्रायव्हरसाहेब." बाबा बस चालवायचे. फोन ठेवताना टिअर्नी "बाय" एकदा म्हणत नसत. बाय, बाय, बाय, बाय, असं म्हणत म्हणत फोन कानापासून दूर नेत, जणू एखाद्याला स्टेशनवर सोडायला आलेत आणि गाडी अजून दिसते आहे.

आणि कडी मागितली की विचारायचे, "कुठल्या बाजूला लावणार?"

संडासाची कडी असो, कोंबड्यांच्या खुराड्याची असो. एक पोलिश मुलगा, नुकताच पोलंडहून आलेला, वैतागून म्हणाला होता, "दाराला लावणार, कुठे लावतात तुमच्याकडे?" टिअर्नींनी कडी काउंटरवर हाताखाली दाबून धरली आणि परत विचारलं, "दाराच्या कुठल्या बाजूला?" उत्तर मिळेपर्यंत हात उचलला नाही.

ही खोड त्यांना जन्मापासून नव्हती. ती महादेवमुळे लागली.

महादेव सांगली जिल्ह्यातला. व्हिसा संपून गेलेला, एका रेस्टॉरंटच्या भटारखान्यात रात्रपाळीला. आईला तो एकदाच भेटला, खाली दुकानात. ती मोबाइलवर मावशीशी मराठीत बोलत होती, तर मागून आवाज आला, "ताई, कुठल्या तुम्ही?"

"नाशिकची."

"म्हणजे द्राक्षवाले! पण नाशिकची द्राक्षं नुसती दिसायला हो. खायची तर आमच्या तासगावची."

"अरे जा! तासगावची आंबट."

"तुम्हाला कुणी आंबटच विकली असतील, ताई. चांगली आम्ही घरात ठेवतो."

एवढंच. दिव्याचा बल्ब घेऊन तो हसत गेला. आई जिना चढताना पुटपुटत होती, "घरात ठेवतात म्हणे!" पुढच्या वेळी काय उत्तर द्यायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं.

पुढची वेळ आली नाही. महादेव आमच्या मराठी मंडळाच्या खजिनदारांच्या घरामागे, शेडमध्ये राहत होता. खजिनदारांचं नाव मी इथे घेत नाही, आणि घाबरून घेत नाही असं समजू नका. नाव घेतलं की तुम्ही म्हणाल, "अच्छा, तो होय!" आणि सुटाल. मला तुम्हाला सोडायचं नाही.

तर, त्या गल्लीत कौन्सिलचा, म्हणजे नगरपालिकेचा, माणूस बेकायदा भाडेकरू शोधत फिरणार अशी कुणकुण लागली की खजिनदार शेडला बाहेरून कुलूप घालायचे. बाहेरून कुलूप म्हणजे आत सामान. सामान रात्रपाळी करून आलेलं असायचं, झोपलेलं असायचं. "तासाभराचा प्रश्न आहे, पडून राहा," असं त्याला सांगितलेलं. खिडकीवर फळी ठोकलेली, थंडीचे दिवस, आत पॅराफिनचा हीटर, धूर जायला फट नाही. त्या दिवशी कौन्सिलचा माणूस गल्लीत रेंगाळला. कुणीतरी त्याला चहा दिला. कुलूप निघालं तेव्हा महादेव दाराशी होता. अंथरुणात नव्हता, दाराशी होता.

मंडळाने पुढच्या कार्यक्रमात दोन मिनिटं शांतता पाळली आणि मग बटाटेवडे वाढले.

महादेवला गावी न्यायचं ठरलं. सगळे सोपस्कार झाले आणि शवपेटी विमानतळाकडे निघायच्या आदल्या दिवशी टिअर्नी वर आले. दारात टोपी काढून आईला म्हणाले, "मिसेस, आमच्याकडे मेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत. हा फार एकटा राहिला आहे. एक दिवस तरी माणसांत राहू दे. मी त्याला दुकानात आणतोय."

आणि आणलं. दुकानाचं शटर अर्धं खाली, रंगाचे डबे भिंतीला सरकवलेले, मधे दोन लाकडी घोड्यांवर पेटी. आरशांवर चादरी. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी थांबवलं. त्यांच्या गावी माणूस गेला की घड्याळ थांबवतात. पण काटे ते थांबवायच्या आधी फिरवत होते. पावणेचारावर आणून सोडले. बाबांनी विचारलं, "त्या वेळी गेला का तो?" टिअर्नी म्हणाले, "नाही." आणि पेटीकडे वळले.

मग दिवसभर माणसं आली. काठ्या टेकत म्हातारे आयरिश, सॅंडविचची ताटं घेतलेल्या त्यांच्या बायका, भटारखान्यातली दोन मुलं. आईने उशाशी दिवा लावला, वात दक्षिणेला. बायका जपमाळ ओढू लागल्या. मग एक म्हातारी आईकडे वळली. "तू ओळखायचीस त्याला?"

"नाही. तुम्ही?"

"छे गं. पण त्याच्याबद्दल कोणीतरी काहीतरी सांगायला हवं. असं गप्प कसं बसायचं मेलेल्यापाशी?"

भटारखान्यातल्या मुलांना एवढंच माहीत होतं की तो कांदा फार बारीक चिरायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. मग आईने तिच्या मोडक्या इंग्रजीत द्राक्षांची गोष्ट सांगितली. म्हातारी खुदकन हसली. नवीन कोणी आलं की ती म्हणायची, "सांग गं, द्राक्षांचं सांग." आई परत सांगायची. दुपारपर्यंत मेयोचे आणि कॉर्कचे म्हातारे तावातावाने भांडत होते की तासगाव खरं की नाशिक. त्यांच्यातल्या एकानेही दोन्ही गावं नकाशावरसुद्धा पाहिली नव्हती. महादेवच्या आख्ख्या आयुष्यातली एवढीच एक गोष्ट आमच्यापाशी होती आणि आम्ही ती दिवसभर पुरवली. शेवटी बाबा, ज्यांनी कधी देवाला हात जोडले नाहीत, पेटीवर हात ठेवून म्हणाले, "तासगावची गोड, बाबा. जिंकलास."

घड्याळ त्यानंतर कधीच चालू झालं नाही. गिऱ्हाईकं सांगायची, "तुमचं घड्याळ बंद पडलंय." ते म्हणायचे, "माहीत आहे."

त्यानंतरच्या वसंतात ते कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहिले. कुठल्याही पक्षाकडून नाही, स्वतःचे स्वतः. आयुष्यभर काउंटरच्या पलीकडे न गेलेला माणूस लोकांच्या दारात जाऊन मत मागणार, हे ऐकून आई म्हणाली, "वाणी निवडून येईल का गं? उधारी मागितल्यासारखा चेहरा आहे त्याचा."

पत्रक मी लिहिणार हे मी गृहीतच धरलं होतं. नाशिकला बाबा कारखान्यातल्या युनियनची पत्रकं लिहायचे. 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी मला 'कामगार बंधूंनो' वाचता यायचं. आता मी स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासत होते आणि हात शिवशिवत होते. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. त्यात घरमालकांची गिधाडं होती, माणुसकीचा लिलाव होता, धगधगणारा अंगार होता. इंग्रजीत अंगार जरा ओला वाटत होता, पण होता.

टिअर्नींनी चष्मा लावून सगळं वाचलं. "छान आहे," म्हणाले. "पण मी कुठे आहे यात?"

"तुम्ही? तुम्ही लढणार आहात!"

त्यांनी पत्रक उलटं केलं, कानामागची पेन्सिल काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: *ती कडी मी विकली. मीच बसवली.*

ते एक हात काउंटरवर ठेवून, फळीवरच्या मालाबद्दल सांगावं तसं सांगू लागले. खजिनदार कडी-कोयंडा घ्यायला आले होते. बसवून द्याल का, म्हणाले. टिअर्नींनी दुकान बंद केलं आणि गेले. शेडच्या दाराशी चपला होत्या. आत दोरीवर टॉवेल वाळत होता. "मी टॉवेल बघितला. ओला होता. आणि मी कडी बाहेरून लावली. विचारलं नाही. गिऱ्हाईकाला विचारायचं नसतं, असं मला वाटायचं. पावणेचार वाजले होते. परत येऊन दुकान उघडलं तेव्हा घड्याळ बघितलं होतं मी."

मग म्हणाले, "बरं, त्यांनी लहान स्क्रू दिले होते. मी ते परत खिशात टाकले आणि लांब लावले, माझ्याकडचे. थेट मागच्या पट्टीत जाणारे. फुकट. काम करायचं तर चांगलं करायचं. लहान असते ना, मुली, तर आतून दोन धक्क्यांत दार निघालं असतं. तो धक्के देत होता. दाराला आतून खुणा आहेत."

पत्रकावर ती दोनच वाक्यं छापली. खाली त्यांचं नाव आणि: *आता कड्या आतून लावायच्या आहेत. मत द्या.* मी आणि बाबांनी ते घरोघर लेटरबॉक्समध्ये टाकलं. इतकं वाईट पत्रक मी जन्मात वाटलं नव्हतं, असं मला पहिल्या गल्लीत वाटलं. दुसऱ्या गल्लीत माणसं दार उघडून उभी होती, कागद हातात घेऊन.

ते निवडून आले. शेडमधल्यांपैकी एकालाही मताचा अधिकार नव्हता. टिअर्नींना बाकीच्यांनी निवडून दिलं. हे मी आजही माणसांबद्दल फार राग आला की आठवते.

खरी परीक्षा मग सुरू झाली. शेड कुठे कुठे आहेत हे टिअर्नींना कौन्सिलपेक्षा चांगलं ठाऊक होतं. प्लायवूड, छताचं कापड, हीटर कोणी नेला, सगळं डोक्यात. कौन्सिलच्या एका बैठकीला मी प्रेक्षकांच्या बाकावर होते तेव्हा अध्यक्षांनी त्यांना सरळच विचारलं, "कौन्सिलर टिअर्नी, या जागा तुम्हाला माहीत आहेत?"

"आहेत."

"मग सांगा. आम्ही पाडून टाकतो."

"आधी तुम्ही सांगा, खोल्या कुठे आहेत. मग मी शेड सांगतो."

"खोल्या देणं आपल्या अखत्यारीत नाही. ही माणसं कागदावर नाहीतच."

"म्हणूनच ती शेडमध्ये आहेत," टिअर्नी म्हणाले आणि खाली बसले.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. "तुम्ही मालकांना वाचवताय! नावं द्या, आपण छापू! उद्या आणखी एक मेला तर?"

"आणि पाडल्या, तर त्या रात्री ती माणसं कुठे झोपतील? तुझ्या पत्रकाखाली?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे हा!"

"असेल. मी इंग्लंडला आलो त्या पहिल्या थंडीत घरमालकीण सकाळी आम्हाला बाहेर काढून कडी लावायची, संध्याकाळपर्यंत. पावसात उभं राहून तत्त्वाचा विचार होत नाही. पायांचा होतो." मग हळूच म्हणाले, "तू म्हणतेस ते रोज माझ्या मनात येतं. आणखी एक मेला तर. दुसरं काही येतच नाही."

त्यांनी जे केलं ते कुठल्याच पत्रकात बसणारं नव्हतं. दर शनिवारी दुपारी, कोट घालून, कौन्सिलरचा बिल्ला लावून ते मागच्या गल्ल्यांतून निघायचे. शेडचं दार दोन बोटांनी वाजवायचे. आईकडून ते मराठी शिकले होते: "आत कोण आहे?" तेच पंजाबीतही, आणि त्या पोलिश मुलाकडून पोलिशमध्येही. दार उघडलं की स्क्रू-ड्रायव्हर काढायचे, बाहेरची कडी काढायची, आतून लावायची. खिडकीवरची फळी उचकटायची. मालक धावत यायचा. "हे काय करताय? ही माझी प्रॉपर्टी आहे!" हे स्क्रू पिळता पिळता म्हणायचे, "हो. आणि मला तिचा पत्ता माहीत आहे. कौन्सिलला सांगू?" मालक घरात जायचा. याला कायद्यात काय म्हणतात ते मला माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं.

दोन हिवाळे गेले. मग एका शेडला आग लागली. त्यात एक माणूस होता. त्याने आतली कडी काढली आणि बाहेर आला. गल्लीत तो कुणाच्या तरी ब्लॅंकेटमध्ये उभा होता, कापत. त्याच्या मुठीत ती कडी होती. दार उघडताना उपटून हातातच आली होती. यावेळी टिअर्नींनी लहान स्क्रू लावले होते.

मला वाटलं, हा त्यांचा विजय. स्थानिक पेपरने दुसरंच लिहिलं: कौन्सिलरला सगळं माहीत होतं, त्याने लपवलं. खरंच होतं ते. कौन्सिलने आठवड्याच्या आत ती आख्खी गल्ली उपसली. यंत्रं आली, शेड पाडल्या. मी कामावरून परत आले तेव्हा मागे नुसता चिखल होता आणि त्यात एक प्रेशर कुकर. माणसं एकाही खोलीत, हॉस्टेलात, गुरुद्वाऱ्यात सापडली नाहीत. टिअर्नी सगळीकडे विचारून आले. खजिनदारांच्या मित्रांनी त्यांच्याविरुद्ध पत्रकं काढली, गुळगुळीत कागदावर, रंगीत. पुढच्या निवडणुकीत ते हरले. हरले त्या संध्याकाळी शाळेच्या हॉलबाहेर मी रडत होते आणि ते विचारत होते, "पण ते गेले कुठे? ब्लॅंकेटवाला गेला कुठे?"

मग दुकान बंद झालं. शनिवार बंद झाले नाहीत.

मी बर्मिंगहॅमला नोकरी घेतली. निघायच्या आदल्या शनिवारी निरोप घ्यायला गेले तर ते घरी नव्हते. मागच्या गल्लीत सापडले, एका नीटनेटक्या बागेत. कोट, टोपी. बिल्ला आता नव्हता, पण जिथे असायचा तिथे कोटाला दोन बारीक भोकं होती. शेडला कान लावून उभे होते. वरून विमान गेलं, त्याचा आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबले आणि परत दोन बोटांनी वाजवलं.

"आत कोण आहे?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या घरची बाई मला म्हणाली, "परत आलेत बघ. दर आठवड्याला येतात. अगं, आत नुसतं मशीन आहे आणि मुलांच्या सायकली. मी उघडून दाखवलं त्यांना."

टिअर्नींनी मला पाहिलं. मी जाणार आहे हे त्यांना आठवत होतं की नाही, सांगता येत नाही. टोपी काढून म्हणाले, "तू विचार. माझ्या आवाजाला घाबरत असतील. तुझा घरचा वाटेल."

मी दाराजवळ गेले आणि विचारलं. "आत कोण आहे?"

आम्ही दोघं उभे राहिलो. मला माहीत होतं की आत सायकली आहेत. तरीही उत्तर येईल असं वाटून मी दाराच्या आणखी जवळ सरकले. मी निघाले तेव्हा ते तसेच होते, कान लाकडाला, आणि मागे हात हलवत म्हणत होते, बाय, बाय, बाय, बाय.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. त्यांना त्याच बंद दुकानात ठेवलं. आईने द्राक्षांची गोष्ट सांगितली.

आता तुम्ही. हा कागद खाली ठेवा. स्लाऊ असो, बेसिंगस्टोक असो, तुमच्या घरामागे जा आणि तुमच्या शेडची कडी बघा. मग कुंपणावरून शेजारच्यांची बघा. ज्या शेडच्या खिडकीला पडदा आहे किंवा फळी ठोकलेली आहे, तिथे जाऊन दोन बोटांनी दार वाजवा आणि विचारा. तुमच्या भाषेत विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, आतल्या माणसाला गप्प राहायला शिकवलेलं असतं. थांबा. आणि जाताना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जा.